आमच्या नणंदबाईंची उकराउकर

जमिनीच्या पोटात, कपाटाच्या तळाशी किंवा माणसाच्या मनात असं काही राहूच शकत नाही, जे आमच्या थोरल्या नणंदबाई उकरून काढणार नाहीत. त्या काल्हेरहून रिक्षाने आमच्याकडे टेमघरला येतात, तेव्हा उंबऱ्याशी पाय धुता धुताच त्यांना घरात काहीतरी लपवलेलं असल्याचा वास येतो आणि मी चहाच्या निमित्ताने आत पळते. मी कमी बोलणारी बाई. माणसांत मान वर करायचीही मला चोरी. पण नुसतं मलाच असं होतं म्हणाल तर तसं नाही. त्यांची रिक्षा थांबली की गल्लीतल्या बायका आपापल्या दारांना आतून कड्या लावतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी मुलगी गोडाऊनच्या ऑफिसात कामाला जाते आणि मोबाईलवर इंग्रजी शिकते. एकदा ती सांगत होती की इंग्रजीत 'डिग अप' म्हणून एक बोलणं आहे. जमिनीतून कंद काढला तरी तेच म्हणायचं, कुणाची आतली माहिती काढली तरी तेच, मिटलेलं भांडण वर आणलं तरी तेच, आणि कुठेतरी हरवलेलं माणूस शोधून आणलं तरी तेच. नणंदबाई भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मना वाटत व्हतं एवढी कामं मी एकटीच करतंय. इंग्रजांत पन हायेत तर."

आणि खरंच, यातलं एकही काम त्यांनी सोडलेलं नाही. काल्हेरला त्यांची शेती होती तिथे आता गोडाऊनं आहेत, पण बांधाला त्यांनी लावलेले करांद्याचे कंद अजून कंपाउंडच्या भिंतीखाली वाढतात. दिवाळीच्या सुमाराला त्या पहार घेऊन सरळ आत शिरतात. एकदा मीही सोबत होते आणि नव्या वॉचमनने आम्हाला अडवलं. त्याला वाटलं बाईने चोरीचा माल पुरून ठेवलाय. मी शरमेने अर्धी झाले. नणंदबाईंनी मान वर न करता खणत खणत त्याला सांगितलं, "भैया, ये गोडाऊन के पहले का माल है." दुसऱ्या दिवशी उकडलेले करांदे नेऊन त्याला खायला घातले आणि येताना त्याच्या गावच्या भावकीतला सगळा वाद माहीत करून आल्या. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर त्यांची नाडी बघतो आणि त्या त्याला त्याचं पहिलं लग्न का मोडलं ते विचारतात. एका बारशाला तर पाळण्याची दोरी हातात धरून त्यांनी बाळाच्या आजीला विचारलं, की तुझ्या हळदीला मटण कमी पडलं व्हतं, त्याचा दोष शेवटी कुणावर गेला. पाळणा हलायचा थांबला. त्या कुटुंबातली दोन घरं पुढे कितीतरी दिवस एकमेकांशी बोलत नव्हती.

पण माझी शाळेतली मैत्रीणही त्यांनीच आणली. चौथीनंतर माझी शाळा सुटली तशी तिची गाठही सुटली. मी कधीतरी एकदाच तिचं नाव घेतलं होतं. भाजीवाल्या, कासारणी, कोण कोण बायकांना विचारत नणंदबाईंनी तिला शहापूरकडच्या एका गावातून शोधली आणि माझ्या दारात उभी केली. मी इतकी हादरले, की तिला पाणी द्यायचं सोडून रडत बसले.

माझ्या मुलीचं जमायची वेळ आली तेव्हा मात्र मी घाबरून होते. मुलगा वज्रेश्वरीकडचा, गोडाऊनच्याच कामावरचा. मुलीचं मन तिथे बसलं होतं, आणि तिथे झालं नाही तर ती आतून मोडेल हे मला आईला कळत होतं. नणंदबाई म्हणाल्या की चौकशी झाल्याशिवाय पोरगी द्यायची नाही. मला घेऊन त्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेल्या. मुलाची आत्या गुडघ्यांसाठी तिथे येते, एवढं त्यांनी आधीच काढलं होतं. गरम पाण्यात पाय सोडले की बायका खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आत्याबाई भेटल्या. दारू, कर्ज, साखरेचा आजार, एकेक विचारून झालं. त्या बिचाऱ्या सगळं सांगत होत्या, पण नजर नणंदबाईंच्या तोंडावरून हलत नव्हती. शेवटी आत्याबाईंनीच विचारलं, "तू टेमघरची ना गो? आमच्या दादाशी सुपारी फुटून परत गेली व्हती ती?"

मी गरम पाण्यात गार पडले. आमच्यात एक आहे. ज्या घराने आपल्या मुलीची सुपारी परत केली, ठरलेलं लग्न मोडलं, त्या घरात पुन्हा मुलगी द्यायची नाही. माझे मालक तेव्हा लहान, ते घर हेच हे त्यांना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर लग्न तिथेच संपलं असतं. परतीच्या वाटेवर नणंदबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सुपारी फोडायचा दिवस आला. दोन्हीकडची माणसं आमच्या घरात बसली. मुलाचे चुलते, पांढऱ्या केसांचे, भिंतीला टेकून होते. एका पाहुण्याने सुपारी हातात घेतली आणि नणंदबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, थांबा, आधी एक उकरायचं हाय.

"या घरानं एकदा माझी सुपारी परत केली व्हती," त्या म्हणाल्या. "हे बसलेत, तेच नवरदेव. मी ह्यांच्या आईला इचारलं, तुमची थोरली सून माहेरी का बसलीय. तर म्हनाले, पोरगी लय इचारते."

कुणीतरी हसलं. माझे मालक चटईवरून उठले. कानशिलं लाल झाली होती.

"तू बस खाली," नणंदबाई म्हणाल्या. "परत मना पाठवली व्हती, तुला न्हाय." मग पाहुण्यांकडे वळल्या. "काय बोलायचं ते आज माझ्या देखत बोला. उद्या माझ्या भाचीला कुनी टोमना मारायचा न्हाय, का तुझ्या आत्याला आम्ही परत पाठवली."

चुलते भिंतीचा टेका सोडून सरळ बसले. मग हळू म्हणाले, "इचारलं ते बरोबरच व्हतं. आमच्याकडं उत्तर न्हवतं."

मालक खाली बसले.

"झालं?" नणंदबाई म्हणाल्या. "मग फोडा सुपारी."

पाहुणे गेल्यावर त्या मागच्या ओट्यावर भाताचं मोठं पातेलं घासत होत्या. मी राख द्यायला गेले आणि माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, मी विचारलं, "ताई, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

जगाला प्रश्न विचारणारी ती बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"हे कुनी इचारलंच न्हवतं गो," त्या म्हणाल्या. "आयनं सुपारीला नेसलेलं पातळ घडी करून ठेवलं. बाबा शेतावर गेले. दुसऱ्या दिवशी मना पन लावनीला नेली."

पातेलं तसंच बाजूला सारून त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या. मी चहा ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या सांगत होत्या, आणि मला जमेल तसं मी मधून मधून म्हणत होते, "मग?"