गोदाआत्यांचे धवले

आज एकवीरा आईपुढे दिवा लावला आणि वही घेऊन बसले. लग्नघर आवरायचंय अजून, ते राहू दे.

गोदाआत्या म्हणजे आमच्या ह्यांच्या सख्ख्या आत्या, कोपरीच्या जुन्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई ती धवलारीण. अक्षरओळख नाही, पण चाळीस वर्षं सगळं तोंडपाठ. आधी देवांना आवतण, मग नवरा-नवरीची नावं. कधी म्हणून चूक नाही.

मग कोरोना झाला. बारा दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्या, ताप गेला, वास यायला तीन महिने लागले. डोक्यातला गोंधळ मात्र राहिला. कुकर लावून विसरायच्या, गाताना मध्येच थांबायच्या. "डोक्यान कापूस भरलाय गो," म्हणायच्या. लोक म्हणाले, म्हाताऱ्या झाल्या, दुसरं काय. डॉक्टरांनी समजावलं, ह्या आजाराचा मेंदूवरही परिणाम राहतो कुणाकुणाला. ह्यांचं जुनं शाबूत आहे, नवं तेवढं पटकन धरून ठेवता येत नाही, वेळ द्या. आत्यांना तेवढा धीर कुठला! चार लग्नांची आवतणं परत पाठवली.

माझ्या दिपेशचं ठरलं तेव्हा भावकीतलं कुणीतरी म्हणालं, पेनड्राइव्ह लावू. दिपेश हटून बसला, "आजी गाणार, नायतर मी हळदीला बसत नाय."

"आन चुकली त? सगली हसतीन," आत्या म्हणाल्या.

"हसू दे ना."

परवा हळदीत गायला बसल्या. देव सगळे आले, एकेक, ओळीने. मग नवऱ्याच्या नावापाशी आत्यांनी खणखणीत आवाजात गायलं, "आनंदा".

आनंदा म्हणजे आमचे हे. सत्तावीस वर्षांपूर्वी ह्याच अंगणात आत्यांनीच त्यांचे धवले गायले होते.

चूक कळली तशा आत्या उठायलाच निघाल्या. तेवढ्यात हे मागून ओरडले, "आत्ये, मना परत हलद लावतेस क गो? बायको हितंच बसलीय!"

"तिला इचार, परत करल क तुझ्याशी!" आत्यांच्या तोंडून निघून गेलं. सगळा मांडव हसला. आत्याही.

मी त्यांच्याशेजारी सरकले. प्रत्येक कडव्याआधी कानात सांगत राहिले, दिपेश. दोन तास गायल्या. देवांचं एकही नाव मला सांगावं लागलं नाही.

आत्ताच विठ्ठलवाडीहून फोन आला, तिथेही लग्न आहे. आत्या समोरच चहा पीत होत्या. फोनवर हात ठेवून मी विचारलं.

"हो म्हन," त्या म्हणाल्या. "पन तू कानाशी बसशील त."

आई, केवढे उपकार तुझे. बसेन.