मिरीजात्याचे गिऱ्हाईक

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे धरले, तरी काळ्या मिरीविषयी माझ्या सासऱ्यांइतका विचार केलेला दुसरा माणूस सापडणार नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. खान्देशात तिखट म्हणजे मिरची. मिरी इथे काळ्या मसाल्यात इतर जिन्नसांबरोबर कुटली जाते आणि आपले नाव हरवून बसते. एकटी अशी ती बाहेर निघते ती घरात कुणाला सर्दी झाली तर. अशा मुलखात, पिंप्राळ्यातल्या एका घराच्या मागच्या ओट्यावर, बँकेतून निवृत्त झालेला एक शाखाधिकारी लाकूड कातून मिरी दळण्याची उभी, हातात मावणारी जाती बनवतो. एक झाले की दुसरे. विकायला नव्हे, हौस म्हणून. आणि प्रत्येक नव्या जात्याकडे तो असा पाहतो, की जगात आजवर नेमकी याचीच उणीव होती.

त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांना हा नाद लागला तो नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात, एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणात. वाढप्याने लांबलचक लाकडी यंत्र आणून सुपावर मिरी पाडायला सुरुवात केली. असे करताना गिऱ्हाइकाने ‘बस’ म्हणायचे असते, हे नानांना ठाऊक नव्हते. वाढपी ‘बस’ची वाट पाहत राहिला, नाना आत काय फिरते आहे ते दिसण्याची. सूप काळे झाले. नानांनी ते बाजूला सारले आणि यंत्र उघडून दाखवायला सांगितले. पुढच्याच आठवड्यात ते धुळ्याला गेले. पाळण्याचे खांब आणि खाटेचे पाय कातणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांनी जुना लेथ घेतला आणि टेंपोत मागे त्याच्या शेजारी, त्याच्यावर हात ठेवून बसून पिंप्राळ्याला आणला. दळणाऱ्या लोखंडी चकत्या तेवढ्या कुरियरने येतात. बाकी सगळे, म्हणजे अंग, डोके आणि मधले आरपार भोक, नानांच्या हातचे.

तेव्हापासून नानांना झाड दिसत नाही, लाकूड दिसते. कुणाच्या घरी गेले की ते आधी चौकटीवर बोटाने टकटक करतात, मग माणसांची विचारपूस. धरणगावला एका लग्नात मंडपामागे आचारी बाभळीचे ओंडके चुलीत सारत होता. नाना मंगलाष्टकांतून उठले ते एक ओंडका घेऊनच परतले. त्या लग्नाच्या सामूहिक फोटोत पहिल्या रांगेत मांडीवर नातवंडे घेतलेली माणसे आहेत आणि मधोमध ओंडका घेतलेले नाना. ओले लाकूड सावकाश वाळावे लागते, नाहीतर तडकते. त्यामुळे घरातली सावलीची प्रत्येक जागा त्यांनी व्यापली आहे. दिवाळीत जावई म्हणून मला जो पलंग मिळतो, त्याखाली बोर, चिंच आणि खैर वाळत असतात आणि सकाळी चहाआधी नाना माझी नव्हे, त्यांची चौकशी करायला येतात.

तयार जाती लग्नात आहेर म्हणून जात. ती पुढे कुठे पोचली याची माहिती माझ्याकडे आहे. असोद्याच्या एका घरात मुलांनी जात्याला बुद्धिबळाचा वजीर केले आहे. एका भाच्याकडे ते काचेच्या कपाटात, कुस्तीच्या ढालीशेजारी उभे आहे. एका घरी मला ते देवघरात दिसले, हळदकुंकू वाहिलेले. मी विचारल्यावर त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “नानांनी दिलंय म्हणजे काहीतरी देवाचंच असेल. गळ्यात माळ आहे त्यांच्या.”

माळ आहे हे खरे. नाना माळकरी आहेत, घर कडक शाकाहारी, आणि पुढे जे झाले ते समजायला हे लक्षात ठेवावे लागेल.

घराची सत्ता सासूबाईंकडे आहे. त्यांना सगळे अक्का म्हणतात. ज्या ओट्यावर लेथ बसला, तिथे त्यांचे ज्वारीचे बिबडे वाळत असत. बिबडे म्हणजे खान्देशी पापड. ते उन्हाळ्यात एकदा करायचे आणि वर्षभर तळायचे. त्या वर्षी बिबड्यांतून भुसा निघाला. पाहुण्यांनी तो ओवा समजून खाल्ला, पण अक्कांनी ओळखला. थंडी सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्यासमोर नानांना अट घातली.

“घरातला नको, नात्यातला नको, भीडेखातर मागणारा नको. असा एक माणूस दाखवा, जो आपल्या तोंडाने म्हणेल की हे मला पाहिजे. पुढच्या बिबड्यांच्या आत. नाहीतर तो खटारा परत धुळ्याला.”

“आणि मी त्याला सुचवलं तर?”

“सुचवायचं नाही. पुढे करायचं नाही. एवढं गुणाचं आहे तर बोलेल की ते स्वतः.”

नानांनी अट मान्य केली, आणि ती पाळली, हे त्यांचे मोठेपण. तो सगळा हिवाळा ते जाते घेऊन हिंडले. ज्याच्या घरी जात, तिथे ते टेबलावर मधोमध ठेवत आणि पंख्याकडे पाहत बसत. निघताना हाक येई, “नाना, तुमचं काहीतरी राहिलं.” असोद्याच्या भरीत पार्टीला त्यांनी स्वतःच्या पानातल्या भरितावर सगळ्यांना दिसेल अशी मिरी दळली. शेजारचा म्हणाला, “सर्दी झाली का नाना?” धुळ्याच्या एका खानावळीत मालकाने जाते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. नाना पंख्याकडे पाहायचे विसरले. मालक म्हणाला, “काम सुंदर आहे. पण नाना, आपल्याकडे गिऱ्हाईक तर्री मागतं.” परतीच्या बसमध्ये नाना धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत जाते रुमालाने पुसत होते. थंडी उतरणीला लागली. अक्कांनी बिबड्यांची ज्वारी निवडायला काढली.

अशा एका संध्याकाळी मी आणि नाना स्कूटरवरून येत असताना चाक पंक्चर झाले. पंक्चरवाल्याच्या शेजारीच अंड्याची गाडी होती. गाडी चालवणाऱ्या ताई धुळ्याकडच्या, बोलणे चोख अहिराणी. नाना गाडीकडे पाठ करून उभे राहिले. तेवढ्यात मागून ठकठक ऐकू आली. दवाने भोके बुजून मिरपुडीचा डबा चोंदला होता आणि ताई तो गाडीच्या कडेवर आपटत होत्या. समोरचे गिऱ्हाईक म्हणाले, “ताई, याला मिरपूड म्हणता? रस्त्याची धूळ बरी.”

नानांची पाठ ताठ झाली. त्यांच्या जाकिटाच्या खिशातून जात्याचे डोके बाहेर आले होते आणि उजवा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता. पुढे करायचे नव्हते. सुचवायचेही नव्हते. नानांनी हात मागे बांधले, एवढेच. मात्र त्याबरोबर तोंड वळवून ते गाडीला सामोरे झाले.

“बाबा, खिशात काय शे?” ताईंनी विचारले.

“मिरीजातं,” नाना म्हणाले. मिरीजात्यावर ते एकाच शब्दात थांबल्याचे मी प्रथमच पाहत होतो.

ताईंनी हात लांब केला. जाते तव्यावर धरून त्यांनी डोके फिरवले. कर्र असा आवाज झाला आणि गरम आमलेटावर ताजी मिरी पडली. तिचा वास पंक्चरवाल्यापर्यंत गेला. त्याने ट्यूब पाण्यातच ठेवून मान वर केली. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाने एक घास खाल्ला आणि काही न बोलता दुसरे आमलेट सांगितले.

“हाई माले जोयजे,” ताई म्हणाल्या. मला हे पाहिजे.

“परत एकदा म्हणता का?” नाना म्हणाले.

“माले जोयजे. कितला पैसा?”

नाना माझ्याकडे वळले. “जावईबापू, तुम्ही पेपरवाले, बातमी लिहिणारे. शब्द बदलू नका. जसंच्या तसं घरी सांगायचं.”

मी घरी जसेच्या तसे सांगितले. अक्कांनी ज्वारी निवडता निवडता उलटतपासणी घेतली. बाई ओळखीची होती का? नाही. यांनी पुढे केलं? नाही. तिने आपणहून विचारलं? हो.

“दुकान कसलं तिचं?”

मी नानांकडे पाहिले. नाना खोटे बोलू शकले असते. चहाची गाडी म्हटले असते तर प्रश्न मिटला असता. लेथ जाणार की राहणार हे त्या एका शब्दावर होते. नाना म्हणाले, “अंड्याचं.”

अक्कांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग आणखी एक. “मी माणूस म्हटलं होतं,” त्या अखेर म्हणाल्या. “तो काय शिजवतो, ते अटीत नव्हतं. राहू द्या तुमचा लेथ. पण तिथं गेलेलं जातं या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही.”

त्या उन्हाळ्यात बिबडे शेजारच्या गच्चीवर वाळले आणि नाना विजयी मुद्रेने ओट्यावर बसले. ताईंसाठी त्यांनी धरणगावच्या त्या बाभळीचे नवे जाते कातले, त्यांच्या मुठीत बसेल असे, कमरेत बारीक. ते पाहून शेजारच्या गाडीवाल्याने मागितले. मग त्या ओळीतल्या सगळ्यांनी. आता संध्याकाळी त्या रस्त्याला गेले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कर्र कर्र ऐकू येते, आणि कुठल्या गाडीवर बाभूळ आहे, कुठे चिंच, हे नाना डोळे मिटून आवाजावरून सांगतात. दुरुस्तीला आलेली जाती ते फाटकाबाहेर स्टुलावर बसून उघडतात. धुळ्याच्या त्या खानावळीच्या मालकानेही निरोप पाठवला आहे. नानांनी त्याला रांगेत ठेवले आहे.

रोज संध्याकाळी नाना त्या रस्त्याला जातात. पलीकडच्या फुटपाथवर, गाड्यांकडे पाठ करून उभे राहतात आणि ऐकतात. परवा मी सोबत होतो. बऱ्याच वेळाने ते समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, “तुम्ही खाता, मला माहीत आहे. अक्काला नाही.”

मी गाड्यांकडे पाहू लागलो.

“मिरी कशी लागते त्याच्यावर?”

“चांगली लागते, नाना.”

“चांगली म्हणजे?”

मी सांगायचा प्रयत्न केला. आधी वास येतो, मग अंड्याचा मऊपणा, आणि तो संपता संपता जिभेच्या मागे मिरी हळूच पेटते. नाना लक्ष देऊन ऐकत होते. माझे संपल्यावरही ते थोडा वेळ तसेच थांबले, आणखी काही येईल म्हणून. मग त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले.

“जा, एक खाऊन या. सावकाश खा.”

मी रस्ता ओलांडला. ताईंनी जाते फिरवले. पहिला घास घेऊन मी मागे पाहिले, तेव्हा नाना पलीकडे इकडे तोंड करून उभे होते, माझ्या चेहऱ्याकडे बघत.