बुनरेमावशीच्या परसातले रांजण

बुनरेमावशी आमची शेजारीण. एकाहत्तराव्या वर्षीही स्वतः कुदळ मारायची आणि नदीकाठच्या आमच्या गावात कुणाची भीडभाड ठेवायची नाही. फक्त माझ्या सासूबाई, जोमदक, यांच्यासमोर तिची मान खाली असायची.

त्यालाही कारण होतं. युद्धाच्या वर्षी सासूबाईंचे थोरले भाऊ नाहीसे झाले. त्याच दिवशी बांधावरून त्यांचं आणि मावशीच्या वडिलांचं भांडण झालं होतं. वडिलांनीच त्यांना मारून परसात पुरलं, अशी कुजबुज गावात साठहून जास्त वर्षं चालू होती. मावशी तेव्हा सात वर्षांची होती. शाळेतली पोरं तिला खुनी बापाची पोर म्हणायची.

त्या मार्चमध्ये नासपतीचं रोप लावायला मावशीनं परसात खड्डा घेतला. कंबरभर खाली कुदळ खणकन वाजली आणि खापराच्या तुकड्यांबरोबर माणसाचे दात वर आले. खड्ड्यावर चटई टाकून ती घरात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या दारात गेल्या. मीही मागोमाग होतेच.

"ताई, दार उघड! तीन दिवस चूल पेटली नाही तुझी. मेलीस की काय?"

मावशीनं दार उघडलं. चेहरा पांढराफटक.

"जोमदक, परसात माणूस पुरलेला आहे. तुझा भाऊ असेल गं. माझ्या बाबांनी..."

सासूबाई पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "मग वर काढू त्याला. किती वर्षं थंडीत ठेवायचा?"

पोलीस आले, आणि त्यांनी संग्रहालयातल्या बाईंना बोलावलं. बाईंनी ब्रशनं माती झाडली. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन प्रचंड रांजण दिसले. आत हाडांचा थोडा चुरा आणि निळे काचेचे मणी.

"आजी, ही कबर दीड हजार वर्षांची आहे. तुमच्या वडिलांचे खापरपणजोबासुद्धा तेव्हा जन्मले नव्हते!"

पोलीस हसले. मावशी हसली नाही.

"सगळं परस खणा," ती म्हणाली. "एक कोपराही सोडू नका."

महिनाभर खणलं. कांद्याचे वाफे गेले, मिरचीची जागा गेली. रांजणांच्या आणखी तीन जोड्या निघाल्या. बाकी कोरी माती. बाईंनी तसं सांगितलं तेव्हा मावशी चिखलातच फतकल मारून बसली आणि पोटभर रडली.

"बाबांनी नाही केलं! जोमदक, माझ्या बाबांनी नाही केलं!"

"कळलं गं बाई, अख्ख्या गावाला कळलं," सासूबाई तिचे डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचेही वाहत होते.

संध्याकाळी दोघींनी त्या अनोळखी मेलेल्यांसाठी खड्ड्याकाठी भात आणि मुळ्याचं सूप ठेवलं, आणि मग एका ताटात जेवायला बसल्या.

"भाऊ कुठे गेला ते नाहीच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "पण तुझ्या तोंडाकडे बघून घास तरी उतरतोय आता."

"मग गप जेव," मावशी म्हणाली आणि तिनं आणखी भात वाढला.