सरांनी चाटलेला ओटा

झिरकॉन सर दगड चाटायचे. ओल्या दगडात खनिजं उठून दिसतात, आणि पाण्याची बाटली सर नेहमी घरी विसरत. गोदाकाठचा निम्मा खडक त्यांच्या जिभेखालून गेला असेल. उरलेला निम्मा त्यांनी 'बेचव' म्हणून सोडला.

कॉलेजात ते आम्हाला भूशास्त्र शिकवत; त्यांच्या लाडक्या खनिजावरून 'झिरकॉन' हे नाव आम्हीच ठेवलेलं. पण नाशिकवर त्यांचा राग. "जिकडे बघावं तिकडे बेसॉल्ट! लाव्हा आला, थिजला, संपलं. याला काय चरित्र? दगड कसा, जमिनीच्या पोटात दाबला पाहिजे, भाजला पाहिजे. तेव्हा कुठे तो घडतो!" असा घडलेला दगड आमच्याकडे एकाच ठिकाणी सापडे: दक्षिणेतून ट्रकनं आलेल्या, स्वयंपाकाच्या ओट्यात. त्यामुळे सर कुणाकडेही गेले की आधी ओट्याची चौकशी, मग माणसांची.

हे ठाऊक असूनही मुलगी बघायला मी त्यांनाच नांदगावला नेलं. मला वडील नाहीत, कुणीतरी वडीलधारं हवं. नकार तर इतके पचवले होते, की नाही म्हणायला जिल्ह्यात गाव उरलं नव्हतं. आणि ही सुनंदा फोटोतच आवडली होती.

पोहे आले, सर गायब. मुलीचे वडील शोधत आत गेले, मागोमाग मी. सर ओट्यावर वाकलेले, एका हातात भिंग, जीभ दगडाला. शेजारी चहाचा ट्रे घेऊन सुनंदा.

"मीठ कमी पडलं का, सर?" ती म्हणाली.

वडील भडकले. "अहो, लय महागाचा ग्रॅनाइट हाय तो!"

"ग्रॅनाइट? छे!"

माझं लग्न मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"पट्टिताश्म आहे हा, पट्टिताश्म! हे पट्टे बघा, पोटात दाबून भाजल्याची खूण! यात झिरकॉनचे कण असणार, मिठाहून बारीक. त्यातलं युरेनियम सावकाश शिसं होत राहतं. किती झालं ते मोजलं की वय निघतं. कणाचा गाभा सांगतो जन्म कधीचा, वरची साल सांगते पुन्हा भाजला कधी. मला फक्त हा कोपरा द्या." आणि झोळीतून हातोडी निघाली.

"उठा आता!" वडील गरजले.

"थांबा हो, अण्णा." सुनंदा ट्रे ठेवून परसात गेली. सिंकसाठी ओट्यातून कापलेली फरशी तिनं उचलून आणली. "आम्ही हिच्यावर कपडे धुतो. चालेल?"

सरांनी फरशीला मिठीच मारली. "हिला सोडू नकोस रे! मागितल्याबरोबर नमुना देणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही."

सुनंदा हसली. मग अण्णाही. होकार घेऊन, मांडीवर फरशी घेऊन आम्ही एसटीनं परतलो.

बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं: गाभा अडीचशे कोटी वर्षांचा. तेव्हापासून सासरे पाहुण्याला बसू देण्याआधी ओटा दाखवतात. "एवढा जुना, अन् कुठं डाग नाय!"

गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी ती फरशी सुनंदाच्या हाती दिली. "ने बाई. जन्मभर माझ्या ओट्याला 'नुसता कडप्पा' म्हणून हिणवलं यांनी."

सुनंदानं ती मागच्या दारी मांडली आणि चादरी आपटायला घेतल्या. मी ओरडलो, "अगं, अडीचशे कोटी वर्षांची आहे ती!"

"मग चार चादरींनी काय होतंय तिला?"

पण पाणी पडलं की फरशीचे काळे-गुलाबी पट्टे उजळतात, आणि तिचा हात थांबतो. "बाटली आणत जा हो, सर," असं पुटपुटते, आणि उगाचच आणखी एक तांब्या ओतते.