पाचवा उद्गार

साळवेकाका वजनकाट्यावर उभे होते आणि काटा सोडून सगळीकडे बघत होते.

"काका, खाली बघा."

"तूच बघ. मला चष्मा नाही."

चष्मा नाकावरच होता. वजन साडेतीन किलो जास्त.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. किडन्या काम करेनाशा झाल्या की पेशंटचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करायचं आणि अंगात साठलेलं पाणी काढायचं, हे माझं काम. अशा माणसाला लघवी जवळजवळ होतच नाही. प्यायलेलं पाणी आधी पायांत साठतं, मग फुप्फुसांत. जास्तीचं सगळं पाणी काढल्यावर जे वजन उरतं, त्याला आम्ही ड्राय वेट म्हणतो. माझं स्वतःचं वजनही जास्त आहे, पण बायको म्हणते, त्यात पाण्याचा काही संबंध नाही.

"किती पाणी प्यायलात?"

"तू सांगितलंस तेवढंच. बाटलीवर खूण करून."

"मग हे कुठून आलं?"

"थोडी छाश घेतली."

"काका, छाश म्हणजे ताक, आणि ताक म्हणजे पाणीच!"

"तू पाण्यावर बंदी घातलीस. छाशीचं नाव काढलं नाहीस. आणि बडोद्यात राहून छाशीवर बंदी घालणारा अजून जन्मला नाही."

काकांची हयात रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेलेली. नियम काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी काटा पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "प्रकाशभाई, आ काका तमारा चर्चना छे ने? समजावो ने एमने. हार्ट वीक छे." हृदय थकलंय, असंच चाललं तर एक दिवस फुप्फुसं भरतील, असा त्याचा अर्थ.

फतेगंजच्या एकाच चर्चमध्ये आम्ही दोघं. त्यामुळे बायबलमधलं वचन सांगून पेशंटचं पाणी कमी करायची नवीन ड्यूटी मला लागली.

मशीनला जोडलेला माणूस चार तास कुठे जाणार? असा श्रोता पाळकसाहेबांनाही मिळत नाही. मी सुरू केलं, "काका, शरीर हे देवाचं मंदिर आहे. पौल सांगतो."

"मंदिराला नळाचं कनेक्शन नसतं का?"

"संयम हे आत्म्याचं फळ आहे."

"फळावरून आठवलं. कलिंगड चालतं का रे?"

मग हळूच म्हणाले, "धाकट्यांतल्या एकाला गार पाण्याचा प्याला देणारा आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असं कोण म्हणालं होतं रे?"

येशूच म्हणाला होता. मी मशीनचा अलार्म तपासायला उठलो. अलार्म वाजत नव्हता.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला होता. त्या दिवशी दुपारी आमच्या चर्चमध्ये तीन तासांची उपासना असते. येशूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून देतात. ज्याला जो मिळेल, त्यावर त्याने बोलायचं. त्या वर्षी पाळकसाहेबांनी मला पाचवा दिला. मला तहान लागली आहे, हा.

"बरोब्बर माणूस निवडलाय," बायको म्हणाली. "दिवसभर लोकांना पाणी नको म्हणणारा."

मी मेहनत घेऊन संदेश लिहिला. ही तहान साधी नाही, ही पाण्याची नाही, ही हरवलेल्या आत्म्यांसाठीची तहान आहे, वगैरे. त्या आठवड्यात मंगळवारी काका मशीनवर असताना त्यांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. मी आमेनची वाट पाहत होतो.

"प्रकाश, त्याच्या अंगातून रक्त गेलं होतं ना?"

"हो."

"उन्हात टांगला होता?"

"हो."

"मग त्याला पाणी हवं होतं. तू या लाइनीतला माणूस, तूसुद्धा ते आत्म्यांवर ढकलणार?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. काका छताकडे बघत म्हणाले, "सून भांडी घासायला बसली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. नळाचा आवाज सहन होत नाही. मला कुणी सांगू नये, की ती तहान आध्यात्मिक होती."

मी मॅडमना जाऊन विचारलं, यांना चघळायला बर्फ देऊ का? मॅडम म्हणाल्या, ठरलेल्या पाण्याच्या मापातून वजा करून द्या. बर्फाचा बारका तुकडा जिभेवर ठेवला तसे काकांचे खांदे खाली आले.

"हे आधी का नाही सुचलं तुला?"

"वचनं शोधत होतो, काका."

"मग बरोबर."

शुक्रवारी सकाळी ड्यूटीवर पोचलो, तर काका आयसीयूत. गुरुवारच्या प्रभुभोजनाच्या उपासनेहून उकाड्यात घरी आले आणि माठाजवळ गेले. सुनेला त्यांनी स्वतःच सांगितलं, "प्यायलो. पोटभर. या वेळी छाश नाही, पाणीच." फुप्फुसं भरली होती. तोंडावर घट्ट ऑक्सिजनचा मास्क. तोंडाने काहीही द्यायचं नाही.

मी मशीन त्यांच्या खाटेशी नेलं. पाणी काढायचा वेग वाढवला की बीपी पडायचं. कमी केला की पाणी तिथल्या तिथे. मशीन हवं तेवढं पाणी ओढायला तयार होतं. हृदय तयार नव्हतं.

"धीमे, प्रकाशभाई, धीमे," मॅडम म्हणत राहिल्या.

उपासनेला निघायची वेळ झाली. माझ्या जागी दुसरा टेक्निशियन आला. सिस्टरने क्षणभर मास्क वर केला. काकांचे ओठ भेगाळले होते. मी कापसाचा बोळा ओला केला, पिळला आणि ओठांवरून फिरवला. ते तो चोखायला लागले.

मग माझ्याकडे बघून पुटपुटले, "आंब नाही ना?"

आमच्या मराठी बायबलात आंब म्हणजे आंबलेला द्राक्षारस. क्रुसाखाली उभ्या असलेल्यांनी त्यात बोळा भिजवून, काठीवर खोचून येशूच्या तोंडाशी धरला होता.

"नाही काका. पाणी आहे."

"मग ठीक." श्वास घेऊन म्हणाले, "जा. पाचवा तुझाय."

चर्चमध्ये पुलपिटवर, म्हणजे संदेश द्यायच्या उंच मेजावर, बशी झाकून ठेवलेला पाण्याचा पेला होता. दरवर्षी असतो. एरवी मी तो पहिल्या पाच मिनिटांत संपवतो. खिशातला कागद मी काढलाच नाही. एवढंच म्हणालो की त्याला तहान लागली होती, पाण्याची. नळाचा आवाज सहन होत नाही म्हणून उठून जाणाऱ्या एका माणसाबद्दल सांगितलं, नाव न घेता. आणि खाली बसलो. इतका छोटा संदेश आमच्या चर्चने कधी ऐकला नसेल. बाहेर एका वडीलधाऱ्यांनी गाठलं. "छान झालं, पण आध्यात्मिक अर्थ राहिला."

"हो, राहिला," म्हणालो आणि स्कूटर काढली.

काका शनिवारी गेले. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये काहीच नसतं. शुक्रवार झालेला असतो आणि रविवार यायचा असतो. ड्राय वेट शेवटपर्यंत गाठता आलं नाही.

आजही मी पाण्याच्या बाबतीत तितकाच कडक आहे. आता पाणी, चहा, छाश, कलिंगड अशी सगळ्यांची नावं घेऊन बंदी घालतो. फक्त वचन तोंडात आलंच, तर आधी बोळा ओला करतो. बहुतेक वेळा मग वचनाची गरज पडत नाही.