रंगूनचा सरकारी व्हिसा

मी सिरोंच्याला वनखात्यात होतो तेव्हाची गोष्ट. ब्रह्मदेशातली सागवानाची लागवड पाहायला आपल्या सरकारने काही अधिकारी पाठवायचं ठरवलं आणि त्यात माझं नाव आलं. आलापल्लीच्या सागावर मी बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे असेल. नागपूरहून तार आली त्या दिवशी आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून जी तगमग सुरू झाली ती थांबेचना.

सरकारी पासपोर्ट लवकर मिळाला. अडलं ते व्हिसावर. मला वाटायचं, सरकारच पाठवतंय म्हटल्यावर शिक्का मारायला कितीसा वेळ लागणार? पण सरकारी माणसाचा व्हिसा सरकारनेच मागावा लागतो. हा माणूस कोण, कशाला येतोय, कुठे कुठे जाणार, कोणाकडे उतरणार, हे दिल्लीने त्यांच्या वकिलातीला कळवायचं, वकिलातीने रंगूनला विचारायचं, तिकडून होकार आला की मग शिक्का. फी नाही, पण उत्तरही नाही. मी रोज पोस्टात चक्कर टाकायचो. कामात लक्ष लागेना, जेवण जाईना.

"पायाले भिंगरी लागली का तुमच्या?" बायको म्हणायची. "बसा न जरा एका जागी."

त्याच दिवसांत आमच्या विश्रामगृहात स्वयंपाक करणारी बाई घरी आली. विधवा, माहेर प्राणहिता नदीपलीकडच्या तेलंगणातलं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. ओट्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "साहेब, तुमी रंगूनले जाऊन राह्यले म्हणते."

"अजून नक्की नाही बाई. का?"

"माहा तम्मुडू हाय तिकडं. लहाना भाऊ. जपानच्या लढाईच्या आधी जहाजात बसून गेला. भाताच्या गिरणीत होता. लढाईत लोक पायी पायी वापस आले, हा नाई आला. जिता हाय का मेला, तेवढं पाहून या."

तिने गिरणी नदीच्या कुठल्या अंगाला होती ते सांगितलं. आठवत होतं तेवढं तिने मला दोनदा ऐकवलं. मी हो म्हटलं, आणि माझ्या मनाला आणखी एक घोर लागला.

अखेर व्हिसा आला. त्यावर कारण लिहिलं होतं, सरकारी काम. कामाची ठिकाणंही ठरलेली. बहुतेक सगळी जंगलं. गिरण्यांच्या वस्तीचा त्यात पत्ता नव्हता.

रंगूनच्या विमानतळावर मला कोणी दोन प्रश्नही विचारले नाहीत. आम्हाला घ्यायला आलेला तिथला वनाधिकारी हसतमुख, मोकळा माणूस होता. जंगलातला दौरा आटपून आम्ही शहरात परतलो, तरी माझं लक्ष कशातच नव्हतं. शेवटी मी त्याच्यापाशी बाईच्या भावाचा विषय काढला.

तो जरा गंभीर झाला. "तुम्ही आमच्या सरकारचे पाहुणे. खाजगी कामासाठी त्या वस्तीत गेलात तर उद्या मला जाब विचारतील, तुमच्या वकिलातीलाही विचारतील."

मग तोच पुढे म्हणाला, "पण त्याला इथे यायला कोणाची हरकत?" आणि त्याने गिरणीकडे माणूस धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अतिथिगृहाच्या पायऱ्यांशी एक लुंगीवाला येऊन उभा राहिला. डोक्यावरचे केस विरळ, कपाळ घामाने भिजलेलं. परदेशी म्हणून राहण्याचा परवाना त्याने दोन्ही हातांत धरला होता. सरकारी गाडी आली तेव्हा त्याला वाटलं, कागद तपासायला बोलावलंय.

मला कामापुरतं तेलुगू यायचं. म्हणालो, "सिरोंच्याहून आलोय. तुझ्या अक्काने पाठवलंय."

"अक्का आहे?" एवढंच म्हणून तो पायरीवरच बसला.

मी म्हटलं, एकदा येऊन जा. त्याने नकाराची मान हलवली. इथे बायको होती, दोन पोरं होती. "जाणं सोपं आहे अय्या. पण परत येऊ देतील का?"

मी वनाधिकाऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने हिंदुस्थानीत त्याला नीट समजावलं. निघण्याआधी परत यायची परवानगी काढायची. तिच्यावर तारीख असते. तारीख चुकली की दार बंद. मी ऐकत होतो आणि मला बसवेना. मी परका इथे पाहुणा म्हणून हिंडत होतो, आणि ज्याचं निम्मं आयुष्य इथे गेलं त्याला बहिणीला भेटायला जाण्याआधी घरी परतायची परवानगी मागायची होती.

सिरोंच्याला येऊन मी बाईला सगळं सांगितलं. जिवंत आहे म्हटल्यावर ती पदर तोंडाशी धरून रडली. मग म्हणाली, "मंग मलेच पाठवा."

"तुला नाही असं जाता येणार बाई. पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो."

"तुमाले भेटला न?"

"मी सरकारी कामावर होतो."

"अन् मी सख्खी बहीण हाय. थे काय सरकारी कामाहून कमी हाय?"

मी तिच्या नावाने भावाला पत्र लिहायला बसलो.

पुढच्या हिवाळ्यात परतीची परवानगी काढून तो आला. मद्रासपर्यंत जहाजाने, मग रेल्वेने, आणि शेवटी पलीकडच्या तीरावरून डोंग्यात बसून प्राणहिता ओलांडून. बाईने शेजारणींना गोळा केलं, कोंबडी कापली, नवं धोतर आणलं. पण त्याचा जीव ठिकाणावर नव्हता. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन विचारू लागला, मद्रासहून जहाज कधी सुटतं? चुकलं तर पुढचं कधी? नदीला पाणी वाढलं तर? मी म्हटलं, अरे, पौष महिना आहे, पाणी कुठून वाढणार? तरी तो घाटावर जाऊन पाहून यायचा. जेवताना मध्येच उठायचा, परवानगीचा कागद आहे ना म्हणून खिसा चाचपायचा. बहीण पुढ्यात ताट घेऊन बसलेली असायची.

भरपूर दिवस हाताशी असताना तो निघाला. बाई आणि मी घाटावर पोचवायला गेलो. डोंगा सुटला तेव्हा त्याने हात केला, आणि लगेच पलीकडच्या तीराकडे तोंड करून बसला.

 मी म्हणालो, "भेट तर झाली बाई."

"आला त खरं," ती म्हणाली, "पण बसला नाई."

विश्रामगृहात पाहुणे उतरले होते. पदर खोचून ती माझ्यापुढे झपाझप चालू लागली.