रुमालाखालचा होकार

आमच्या विभागप्रमुखांनी मला फसवलं. भर बाजारात, माझा हात हातात घेऊन फसवलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, दोघांचेही केस पांढरे झाले, पण हे वाक्य मी मवाळ करणार नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून हाताला लागायचा. पाऊस मात्र रुसलेला. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. तरी गावात एक उत्साह होता. जिल्हा झाला, आता सगळंच होणार! त्याच वाऱ्यावर आमच्या महाविद्यालयात मानवशास्त्र आणि प्रदेश अभ्यास हा नवा विषय आला आणि शिकवायला कोणी मिळेना. मी पुण्यात खानावळीत वाढपी राहून याच विषयात एम.ए. केलं होतं. परत येऊन डाळमिलच्या काट्यावर बसलो होतो.

प्रमुखांनी बोलावलं. जागा तात्पुरती, तीही अर्धवेळ.

मी म्हणालो, "चालेल. पण पोरांना वर्गाबाहेर नेणार. त्याला कुणी आडवं यायचं नाही."

ते हसले. "नोकरी मागायला आलात की बैल घ्यायला?"

"माझे आप्पा देवणीच्या बाजारात दलाल आहेत, सर. दात बघितल्याशिवाय आमच्यात कुणी काही घेत नाही."

पहिल्या तासाला फळ्यापाशी उभा राहिलो तेव्हा पायांत नुसती वीज होती. मी म्हटलं, पुस्तकातली दूरची बेटं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या गावात पाण्याला पहिला कोण जातो, शेवटी कोण, आणि हे कुणी ठरवलं? बघता बघता वर्ग पेटला. घंटा झाली तरी पोरं उठेनात. चाकूरची एक मुलगी तर दारापर्यंत भांडत आली. "सर, आमच्याकडं तसं न्हाई!" तसं नाही तर कसं, हेच तर मला हवं होतं.

मग मी सगळ्यांना देवणीच्या बैलबाजारात नेलं. प्रमुखही एस.टी.त बसून आले. चारा संपल्यामुळं बाजार कधी नव्हे इतका भरला होता. काळी-पांढरी जनावरं लांबवर उभी, धूळ, हाकारे, आणि मधोमध डोक्याचा रुमाल सोडून उभे असलेले आप्पा. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. बोटं सोडली की नकार. सगळा पंजा आवळला की सौदा पक्का. आवळलेला पंजा जो नाकारतो, त्याला त्या बाजारात पुन्हा कोणी हात देत नाही.

चाकूरच्या मुलीनं विचारलं, "आप्पा, तोंडानं का बोलत न्हाईत?"

आप्पा म्हणाले, "पोरी, यंदा कुणाचा बैल मातीमोल गेला ते शेजाऱ्याला कशाला कळायला पायजे? बैल जातो तर जाऊ दे. माणसाची मान तर खाली जायला नको."

वर्षभर मी जे फळ्यावर सांगायला धडपडत होतो ते आप्पांनी एका दमात सांगितलं. पोरं सगळी एकदम बोलू लागली. मी तर हवेत होतो. प्रमुखांचेही डोळे चमकत होते.

"अहो, हे जिल्ह्यापुढं मांडलं पाहिजे! सगळा बाजार लिहून काढा."

मी संधी ओळखली. आप्पांचा रुमाल घेतला, प्रमुखांच्या आणि माझ्या हातावर टाकला आणि त्यांच्या कानाशी स्पष्ट बोललो, "लिहितो, सर. पण जूनपासून ही जागा पूर्णवेळ होणार, आणि ती मला. कबूल असेल तर पंजा आवळा."

त्यांनी आवळला. चांगला करकचून आवळला.

परत निघताना आप्पांनी मला बाजूला घेतलं. "तोंडानं वदवून घेतलंस का?"

"पंजा घेतलाय, आप्पा."

"बाजारातला मानूस हाय का त्यो?"

मी त्यांच्यावरच चिडलो. उभं आयुष्य ज्या पंजावर गेलं त्याच्यावर तुमचाच विश्वास नाही का, म्हणालो. ते रुमाल झटकून डोक्याला गुंडाळू लागले.

पुढं मी आणि पोरांनी सुट्टीसुद्धा त्या बाजारात घालवली आणि सगळा बाजार लिहून काढला. प्रमुखांनी ते सारं जिल्ह्याच्या नव्या कचेरीत स्वतःच्या नावानं वाचून दाखवलं आणि शाल घेतली. तरी मी गप्प राहिलो. सौद्यात लिहून देणं माझ्याकडं होतं, जागा देणं त्यांच्याकडं. जूनमध्ये जागा पूर्णवेळ झाली आणि त्यांच्या भाच्याला मिळाली. त्यानं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "देवणीला जायला गाडी कुठून लागते हो?"

मी दार ढकलून प्रमुखांच्या खोलीत शिरलो. तिथं चार प्राध्यापक चहा पीत होते.

"पंजा आवळला होता तुम्ही!"

ते शांतपणे म्हणाले, "अहो, ते प्रात्यक्षिक होतं. रुमालाखालचं काय धरून बसता? साक्षीदार कोण आहे?"

टेबलावरची कपबशी माझ्या हातानं खाली गेली. त्याबरोबर माझी अर्धवेळ जागाही गेली.

पुढं मी सरकीपेंडीचं दुकान काढलं, ते वाढवलं, कुणापुढं हात पसरला नाही. पण तो तास, ती भांडत दारापर्यंत येणारी पोरं मला पुन्हा मिळाली नाहीत.

साक्षीदार नाही, हे खरं. म्हणून आता रुमाल नको. सर, तुम्ही हयात आहात, लातुरातच राहता. बाजाराच्या दिवशी देवणीला या. उघडा हात पुढं करून सगळ्यांसमोर तोंडानं सांगा: तुम्ही तो पंजा आवळला होता की नाही?